वीसास एक

पुस्तकात उतार बारास एक.
बारा हात पुढे जावं तेव्हा एक हात खाली.
गुप्तेसर म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याला
माझी मनगटं लावून दे एकदा.
आणि दांडिया बाजारातल्या बँकेच्या रॅम्पवर
त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं,
स्वतः पायरीवर टेकले. एप्रिल, दुपारचे दोन.
चाकाच्या कडीचा चटका तळव्यावर घेऊन
घरी आले, नकाशा खोडला.
वीसास एक.

पण उतार सौम्य केला की वाट लांबते,
वाट लांबली की पाणकणीस कापावं लागतं,
आणि विश्वामित्रीकडे द्यायला उरलंय किती?
अलीकडे सोसायटीची मागची भिंत, पलीकडे नाला,
मधे ही दलदल,
वाळत घातलेल्या लुगड्याएवढी चिंचोळी.
तीन आठवडे मी माणसाला द्यायचं ते नदीकडून घेत होते,
नदीला परत करायचं ते माणसाकडून.
खोडरबराने कागदाला भोक पडलं.

वाट सापडली ती छनाभाई भरवाडांच्या म्हशींची.
वर्षानुवर्षं तिरकस उतरणारी, खुरांनी बसलेली माती,
तिथे तसंही काही उगवत नव्हतं.
लेव्हल लावून मोजली:
एकोणीसास एक, कुठे कुठे एकवीस.
म्हशीला कुणी प्रमाण शिकवलं नव्हतं,
तिला फक्त भरल्या पोटाने परत चढायचं असतं.

बाकीचं मग हळूहळू.
खांब सिमेंटचे नकोत, स्क्रूसारखे पिळून घालायचे,
उद्या काढले तर चिखलाने मिटून जावं.
फळ्यांमधे पेन्सिल जाईल एवढी फट,
काठीचं टोक अडेल, चाक अडणार नाही;
फट हवीच, खाली राहणाऱ्यांनाही ऊन लागतं.
बांबूचा कच्चा कठडा उभारला, खाली जाळी,
आणि मी छनाभाईंच्या उपड्या बादलीवर बसून पाहिलं:
वरची पट्टी बरोबर नदीवरून गेलेली,
उभं राहणाऱ्यांनी मारलेली काट.
उतरवली.
दिवे नाहीत. या दोन शब्दांवर महापालिकेत दोन बैठका.

मग मार्चअखेर, वळणाजवळच्या भुसभुशीत काठावर
छनाभाईंनी काठी लांबूनच रोखली.
पोटाचा घसरडा माग. उकरून पुन्हा थापलेली माती.
‘मादा छे. आघा रेजो, बेन.’
पाण्यात दोन नाकपुड्या, दोन डोळे,
बाकी सगळी ती आमच्या अंदाजावर सोडलेली.

नकाशातले शेवटचे चाळीस मीटर,
थेट पाण्याशी नेणारे. हट्टाने काढलेले.
गेले.

रात्रभर मला सरांचंच वाटत राहिलं.
कॉलेजची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर.
सख्ख्या भावाचं लग्न, हॉल पहिल्या मजल्यावर.
साठ वर्षं ज्यांना दारातच कुणीतरी
फार गोड आवाजात सांगितलं, पुढे जरा पायऱ्या आहेत हं,
त्यांना आता मीही.

म्हशींच्या वाटेवर लोखंडी पत्रे टाकून खुर्ची आणली.
‘सर, वाट इथेच थांबते.’
‘कुणाची?’
‘सगळ्यांची. उद्घाटनाला येतील त्यांचीसुद्धा.’
‘पुढे गुपचूप एखादी पायवाट ठेवली नाहीस ना,
पायवाल्यांसाठी?’
‘नाही. पुढे ती आहे.’

सरांनी चष्मा पुसला. ब्रेक लावला.
बराच वेळ पाण्याकडे पाहत बसले,
एका टिटवीने आम्हा तिघांनाही शिव्या घातल्या.

‘थांबणं बरोबर आहे,’ ते म्हणाले.
‘पण बादलीवर बसून माप घेतलंस ना?
बादली माझ्याहून उंच आहे.
पट्टी अजून दोन बोटं खाली घे,
मला तिचे डोळे दिसत नाहीयेत.’