दिवस सत्तरावा, बोमाँट, टेक्सास

रिफायनरीच्या फाटकावर फलक आहे:
अपघाताविना ४१२ दिवस.
रोज पहाटे एक माणूस शिडी लावून
आकडा बदलतो.
शिडी धरायला खाली कुणी नसतं.

माझाही आकडा रोज बदलतो.
नोकरीविना नव्वद भरले
की परत अक्क्रा.
आज सत्तर.

अर्जात शेवटून दुसरा प्रश्न:
आत्ता किंवा पुढे कधी
व्हिसासाठी कंपनीची मदत लागेल का?
हो.
तिथवर सगळं ठीक असतं,
नावाचा उच्चार सोडला तर.

घरमालकीण डार्लीन विचारते,
सेफ्टी इंजिनियर म्हणजे करतेस काय गं नेमकं?
माणूस पडायच्या आधी
तो किती पडेल ते मोजते, मी म्हणते.
दोर सहा फूट, झटक्याचे साडेतीन,
त्याची उंची, वर थोडी शिल्लक.
पायाखाली साडेअठरा फूट मोकळे हवेत.

क्लाइडच्या वेळी कुणी मोजलं नव्हतं,
ती म्हणते,
आणि गंबोचं भांडं माझ्याकडे सरकवते.
भेंडी. आईच्या हातची असते
तशीच बुळबुळीत.

एकाहत्तराव्या दिवशी पहाटे
फाटकाशी गेले. मुलाखत नव्हती.
शिडी धरली.
वर ४१३ लागलं.
खाली न बघताच तो म्हणाला,
थँक्यू, मॅम.