काडीचं माप

गटारात सापडली तेव्हा काडेपेटीतली काडीच होती,
म्हणून काडी.
आता अठरा किलो. उद्यमनगरच्या आमच्या गल्लीत
नाव ऐकून पाव्हणे हसतात.

दोष एकट्याचा नाही.
चहावाला दस्तगीर सकाळी दोन बटर टाकतो,
पोवारांकडनं बुधवार-रविवार तांबड्यातली हाडं,
आणि दुपारी आमची ही, दुधात भाकरी कुस्करून,
"बघा की, कशी बघायलीय."

मी चाळीस वर्षं फौंड्रीला पॅटर्न केले.
माप माझ्या हातात आहे असं वाटायचं.
सगळं निम्मं केलं. भाकरी निम्मी, दूध निम्मं,
दस्तगीरला दम.
महिन्यात दीड किलो उतरली,
आणि केस गळायला लागले.
एके दिवशी मागच्या भिंतीचा चुना चाटताना सापडली.

इंगवले डॉक्टरीण म्हणाल्या,
"काका, भाकरी निम्मी केलीत
तर तिच्यातलं सत्त्वही निम्मंच पोटात गेलं.
कॅलरी कापा. प्रथिनं, कॅल्शियम, लोह कापू नका.
आणि हिशोब अठरा किलोचा नाही, बाराचा धरा.
आहे तिचा नको, व्हायचीय तिचा."

हे मात्र लगेच कळलं.
लोखंड थंड होताना आकसतं,
पॅटर्न करणारा हातातल्या मापावर कधी जात नाही,
शेवटी काय उरायचंय ते आधी धरतो.

गुजरीतनं सोनाराचा जुना काटा आणला.
कोंबडी उकडून, अंडं एक, दुधी, भात मूठभर,
पांढरी पूड, चमचा काठाशी सपाट घासून.
फळीवर कागद चिकटवला: दिवसाला साडेचारशे.
दस्तगीरलाही वाचून दाखवला.

काल ही त्या कागदापुढं उभी.
"तुमी जेवा, मी जेवतो की मागनं,"
हातात सकाळची भाकरी, वर ठेचा.
वाचून झाल्यावर म्हणाली,
"चांगलं हाय. असं कुणी मोजलं असतं
तर मी बी चुना खाल्ला नसता तवा."

तवा म्हणजे कधी?

"थोरला पोटात हुता. तुमची रातपाळी हुती."

काट्याचं पारडं उगाच हलत होतं.
मी पातेल्यात आणखी एक अंडं सोडलं.
"मला नगं," ती म्हणाली, "आज गुरवार."

बरं, उद्या,
म्हणालो, आणि कागदावर खाली
जागा उरलीय का बघत राहिलो.