जुना गूळ

वैद्य हलकुडे नाडीवरचं बोट न काढता म्हणाले,
साखर बंद.
नायना हसले, खोकत खोकत:
"राहतो साखर पेठेत, वैद्यबुवा."

मग टॉवेल-सेलच्या हँडबिलाच्या पाठीवर
बारीक अक्षर उतरत गेलं.
सुंठ, लेंडी पिंपळी, ज्येष्ठमधाच्या कांड्या,
अडुळशाची पानं, मिळाली तर ओली.
मध चालेल, पण तापवायचा नाही.
आणि शेवटी, खाली दोन रेघा ओढून,
गूळ. जुना. निदान वर्षाचा.
नवा कफ वाढवतो.

कुंभार वेशीतल्या दुकानदारानं
सगळं तोललं, पुडीवर पुडी रचली.
गुळाशी आल्यावर मान हलवली:
"वर्षभर गूळ ठेवतं कोण, अक्का?
माझ्याकडंच आठवडा टिकत नाही."

अम्मानं घरी येऊन डबे उघडून पाहिले,
उगाच. तिला ठाऊक होतं,
आमच्या घरात गोड म्हणून जे आलं
त्यानं कधी महिना बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं ढेप आणली.
काळपट, ओबडधोबड,
भेंडीच्या चिकानं मळी काढलेली,
पावडर न मारलेली.
नायनांनी विणलेल्या टॉवेलात गुंडाळून
मडक्यात घातली, तोंड मातीनं लिंपलं,
ओल्या मातीवर काडीनं तारीख लिहिली, तेलुगूत,
आणि मडकं सारलं
विडीच्या तंबाखूच्या पोत्यामागं,
जिथं मुंग्याही ठसकतात.

तोवर मधावर चालवलं.
पहाटे, माग सुरू व्हायच्या आधी,
चमचाभर मधात सुंठ, चिमूटभर पिंपळी.
नायना डोळे मिटून चाटायचे
आणि जायचे सुताच्या धुक्यात.
संध्याकाळी भुवया पांढऱ्या,
मिशा पांढऱ्या,
खोकलासुद्धा पांढरा.
रात्री ज्येष्ठमधाची कांडी ओठांत धरून
उंबऱ्यावर बसायचे,
पेटवायची विसरल्यासारखे.

उगादीला पच्चडीत
कडुलिंबाचा मोहोर होता, कैरी होती,
सहा चवींत गोडाचीच ओढाताण.
अम्मा वाटी घेऊन शेजारी गेली,
पोत्याकडं बघितलं नाही.
पगार अडकला त्या महिन्यात
आम्ही बिनसाखरेचा, बिनगुळाचा चहा प्यालो
गवती चहा भरपूर घालून.
मी दोनदा मडक्यापर्यंत गेले.
पहिल्यांदा माती ओली होती.
तारखेशेजारी माझं नख आहे अजून.

दिवाळी झाली आणि मालकानं माग विकले.
बारा माग, भंगाराच्या काट्यावर,
किलोनं.
नायना घरी बसले.
तीन आठवड्यांत खोकला गेला.
औषध लागू पडलं, वैद्य म्हणाले.
नायनांनी नमस्कार केला,
काही बोलले नाहीत.

वर्ष भरलं तेव्हा
घरात खोकणारं कुणी नव्हतं.
अम्मानं तरी माती फोडली.
ढेप आतून जांभळट, कोरडी,
सुरीला दाद देईना.
बत्त्यानं फोडली. आवाज दगडाचा.
निम्मी गेली येमुलांच्या सुनेला,
ती बाळंतीण होती,
डिंक-अळिवाच्या लाडवांत.
उरलेल्यातला खडा
नायनांनी बराच वेळ जिभेवर ठेवला.
"गोड कमी आहे," म्हणाले.
आणि बऱ्याच वेळानं,
"पण सरतच नाही."

अम्मा पुन्हा माती मळत होती.
मी विचारलं, आता कुणासाठी?
"लागेल कुणाला तरी.
तेव्हा कुठं शोधायचा?"
या वेळी तारीख नायनांनी लिहिली.
हात धोट्यासारखा
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आकडे जरा मोठेच झाले.
मग मडकं उचलून पोत्यामागं ठेवलं,
आणि एकदा खोकले.
तंबाखूनं असेल.