कडक भाकरी

माहितीपट संपला तेव्हा दीड वाजला होता.
पडद्यावरचा तो सडपातळ माणूस
ज्वारीचा दाणा चिमटीत धरून
उजेडाकडे फिरवत होता,
हिऱ्याच्या दलालासारखा.

मी चहात खारी बुडवत ऐकत होतो.
राहायला साखर पेठेत,
रिपोर्टात साखर दोनशे साठ.
डॉक्टर कोंडा म्हणाले होते, पत्ता बदला.
हसलो होतो दोघंही.

मागावर होतो तेव्हा डब्यात
कडक भाकरी, शेंगाचटणी, फोडलेला कांदा.
भाकरी मोडली की असा आवाज व्हायचा,
कारखान्याच्या त्या खडखडाटातही
पलीकडून राजेशम आडम ओरडायचा,
बसला का रे जेवायला?
सगळे बघायचे.

म्हणून पोराच्या डब्यात
मी ब्रेड दिला. दहा वर्षं.
पांढरा, मऊ, मुका.
परवा त्याचाही रिपोर्ट आला.

माहितीपटात सगळं होतं,
तंतू, जीवनसत्त्वं, आतड्यातले जंतू.
त्या लाजेबद्दल काही नव्हतं.

सकाळी मंगळवार बाजारात
चंद्रव्वापुढे भाकऱ्यांची चवड.
एक उचलून तिनं टिचकी मारली,
मडकं वाजवून दाखवावं तशी.
किती देऊ?

दात उरलेत अकरा.
दे चार, म्हटलं.
दोन पोराला.
माझ्या मी आमटीत भिजवीन.