सत्तरचं पुडकं

सत्तर पानांचं एक पुडकं.
अडुसष्ट भरली तर फळीवरचा लिल्हारे मुन्शी
दोन बोटांत धरून परत फेकायचा,
वरून विचारायचा, शाळेत जातेस ना पोरी?

माझा नि मायचा करार होता :
दिवसाचे पहिले शंभर पुडके घरचे,
त्यावर जे बांधीन ते माझे.
पहाटे चारला जंगलात शिरायचो.
पुढं माय, अस्वलाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम खोकत,
मागं मी, अर्धी झोपेत.
दुपारी पडवीत पानं जुळवायची, देठ एका अंगाला,
पळसाच्या वाखानं आवळायची.
बोटं काळी पडायची ती साबणाला ऐकायची नाहीत.

सातव्या दिवशी चुकारा झाला.
माझे एकशे तीस.

चिचगडच्या बाजारात
बांगड्या आणि उंदराचं औषध यांच्या मधात
एक माणूस ताडपत्रीवर कॅसेटी मांडून बसायचा.
मी पिवळी घेतली. एकशे वीसला.
उरलेल्या दहात मायला गुडाखूची डबी.
कॅसेटवर लिहिलं होतं : १२८ खेळ.
दोनदा वाचलं, आकडा बोटानं पुसून पाहिला. पक्का होता.

परतताना मायनं विचारलं, "हे लावतेत कशात?"
मशीन नव्हतं आमच्याकडं.
टीव्ही नव्हता.
म्हटलं, बोपचे गार्डाच्या घरी.
माय काही बोलली नाही.
कोरड्या नाल्यातली रेती चपलेत गेली होती,
ती झटकत बसली बराच वेळ.

गार्डाच्या हिवराजकडं मशीन, माझ्याकडं कॅसेट,
म्हणून पहिला डाव माझा.
कॅसेटीत फुंकर मारायची, जशी माय चुलीत मारते,
मग ती पेटायची.
आठवा खेळ म्हणजे पहिलाच, नुसतं नाव बदललेलं.
नववा म्हणजे दुसरा.
मी एकशे अठ्ठावीसही लावून पाहिले, एकेक.
सात निघाले.
लिल्हारेनं असं पुडकं परत फेकलं असतं.
मी ठेवून घेतलं.

त्या सातांत एक बुटका होता.
उजवीकडंच चालायचा,
मागं वळला की भिंत.
खड्डा आला की उडी, आग आली की उडी,
आणि मेला की पुन्हा पहिल्या झाडाखाली उभा,
जसं काही झालंच नाही.

पानं तोडता तोडता मी मायला सांगायची.
ती हो नाही काही म्हणायची नाही,
पण दुसऱ्या दिवशी, अंधारात, खोकल्याच्या मधात :
"तुहा बुटक्या कुठवर गेला?"

नऊ दिवस.
दहाव्या दिवशी गार्डाची बदली.
ट्रकात पलंग, खुराडं, गोधडीत गुंडाळलेला टीव्ही.
हिवराजला कॅसेट परत द्यायची आठवण
ट्रक सुरू झाल्यावर झाली.
त्यानं वरून फेकली, मी ओढणीत झेलली.

रोवणी लागली तेव्हा आम्ही परत कमरेत वाकलो,
चिखलात, शेजारी शेजारी.
मायनं विचारलं, कुठवर गेला?
मी म्हटलं, नदी लागली.
दुसऱ्या दिवशी म्हटलं, डोंगे नाहीत, पोहतो आहे.
मग पलीकडं एक गाव निघालं, तिथं बाजार भरला होता,
त्यानं उडी न मारता चालत जाऊन
एक घोंगडं घेतलं.
मायनं भाव विचारला.
मी सांगितला.
"लुटलं त्याले," ती म्हणाली, आणि पेंढी सोडली.

असं दिवाळीपर्यंत चाललं.

आता कधी मोजायला बसले की एवढंच आठवतं :
गार्डाच्या क्वार्टरला कुलूप होतं,
त्याच्या दारातच हातपंप,
आणि पाणी रोज मायच आणायची.