दुरुस्ती

ग्रिम्स्बीच्या आमच्या पेपरात
पान सतराच्या तळाशी, भरती-ओहोटीच्या वेळांखाली
चार ओळींची जागा असते: दुरुस्ती.
नावातलं अक्षर, लग्नाची तारीख, हॅडकचा भाव.

मंगळवारी मेव्हिस ब्लँचर्ड आल्या,
पर्समध्ये घडी घातलेलं कात्रण, त्रेसष्ट वर्षांपूर्वीचं.
‘नोंद सरळ करायचीय,’ म्हणाल्या,
भिंतीवरची तसबीर सरळ करावी तशा सुरात.

‘किटीवेक’ ट्रॉलर बुडाला, अकरा माणसं गेली.
बारावा, क्लेमंट, धक्क्यावर पोचलाच नव्हता.
दारू पिऊन झोपला, असं छापलं होतं आम्ही.
पुढे बाजारात कुणी त्याच्या हातचा मासा घेईना.
त्यानं तोंड उघडलं नाही.

‘झोपले नव्हते हो.
सुईण सापडेना म्हणून गल्लोगल्ली फिरत होते.
मी पायाळू.
खरं सांगितलं असतं
तर अकरा घरांनी माझ्याकडे बघितलं असतं.’

मी विचारलं, आता कोण उरलंय वाचायला?
त्यांनी चष्मा पुसला.

चार ओळींत बसवताना
‘प्रामाणिक’ गेलं, ‘प्रेमळ’ गेलं,
‘माझे वडील’ मात्र त्यांनी काढू दिलं नाही.

गुरुवारी छापून आलं.
‘क्लेमंट’मधला ट गळालेला.
त्यांचा फोन अजून आला नाही.
मी रोज संध्याकाळी उशिरापर्यंत
पान सतराच्या तळाशी
चार ओळी मोकळ्या ठेवतो.