शेरा

धुरा रुंद दीड हात.
अठ्ठ्याण्णव साली मी पहिल्यांदा मोजला तेव्हाही दीडच.
एका टोकाला बाभळीचं खुंट,
दुसऱ्या टोकाला हद्दीचा दगड,
जो रात्री चालतो, असं उदाराम कापगतेचं म्हणणं.
"मोजा साहेब. दगडाले पाय फुटले जी."
त्याच्या भावानं, दसारामनं, डोक्याचा शेला सोडला,
पुन्हा बांधला.
बोलला काहीच नाही.
दोघांच्या बांधीत धान निसवत होता
एकाच बोडीच्या पाण्यावर.

कोर्ट म्हणालं, जैसे थे.
म्हणजे या धुऱ्यावर विळा नाही, फावडं नाही,
तुरीचा एक दाणा नाही.
गावातले सगळे धुरे तुरीनं हिरवे,
आणि भादवा उतरताना
हा एकटा पांढरा.

साखळी ताणून धरली होती, म्हणून मला वाकावं लागलं.
बोटभर काड्या. पानं मुळाशीच दडलेली, जेमतेम.
प्रत्येक काडीच्या टोकाला एक गोंडा,
मोहरीहून मोठा, ज्वारीहून लहान.
पोरं त्यांना टाचण्या म्हणत.
टाचण्या मीही लावत आलो जन्मभर, फलकावरच्या कागदाला,
चार कोपऱ्यांना चार.
इथं एका वितीत शंभर,
आणि खाली कागद कुठला, कळेना.

त्या वर्षी मोजणीच्या शेऱ्यात मी लिहिलं:
धुऱ्यावर बारीक पांढरी फुले आढळली.
वरच्या साहेबांनी लाल शाईनं खोडलं.
फुले ही वहिवाटीची खूण नव्हे.
बरोबरच होतं त्यांचं.

पुढं तारखा पडत गेल्या, मी येत गेलो.
कधी आश्विनात आलो तर धुरा नुसता तपकिरी,
भेगाळलेला, जणू इथं कुणी नव्हतंच.
एकदा साकोलीच्या कॉलेजातली प्रज्योती मेश्राम भेटली,
धुऱ्यावर पालथी पडलेली, डोळ्याला भिंग.
मला वाटलं, तिसरी वारसदार.
"गेंद म्हणतात याला," ती म्हणाली.
"हा गोंडा एक फूल नाही काका, अख्खं घर आहे.
पन्नाससाठ फुलं आत. बायका वेगळ्या, बाप्ये वेगळे.
आणि जात नक्की करायची तर बी बघावं लागतं,
बियांच्या अंगावरची नक्षी."
भिंग तिनं माझ्या हातात दिलं.
पांढरी लव, लवेत काळे ठिपके,
ठिपक्यावरून चालणारी एक मुंगी, दांडगी.
"पाणी हटलं की येतात, माती तडकली की जातात.
जे काय करायचं ते मधल्या दिवसांत."
मी हिशोब केला.
दाव्याला तेरा वर्षं.
म्हणजे यांच्या तेरा पिढ्या
या दीड हातात नांदून गेल्या,
आपल्या दोन माणसांचा एक निकाल लागायचाय.

निकाल लागलाच नाही.
दसारामच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,
भंडाऱ्याला डबा गेला तो उदारामच्या घरून.
वांग्याची भाजी होती म्हणे.
मग दोघं एका मोटारसायकलवर परत आले,
आणि संध्याकाळी पोरांनी ठरवलं,
हार्वेस्टर वळायला जागा हवी. धुरा काढू.

चांगलं झालं. मी तसं म्हणालोही.
शेला बांधत दसाराम पहिल्यांदा हसला.
ट्रॅक्टरनं दोन फेऱ्यांत काम केलं,
दगड बाजूला लोळत पडला, पाय नसलेला.
उदाराम मातीकडे बघत होता.
"काहीतरी पांढरं राहे ना जी इथं?"

शेवटचा नकाशा घरी बसून काढला, रिटायर व्हायच्या आठवड्यात.
मोडलेली हद्द तुटक रेघेनं दाखवतात,
मी ठिपके दिले.
जरा मोठेच पडले,
एकाला तर शाई फुटून लव आल्यासारखी झाली.
शेरा कोरा सोडला.
तपासणाऱ्या पोरानं सही केली,
ठिपक्यांचं विचारलं नाही.